बर्फावरचा कव्हर

गेल्या महिन्यात कबड्डीच्या कव्हरबद्दल, म्हणजे रेडरला अडवणाऱ्या बचावातल्या खेळाडूबद्दल लिहिताना मी एक ओळ सहज टाकली होती, की आइस हॉकीतला डिफेन्समन म्हणजे बर्फावरचा कव्हरच, आणि त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी कळव्याची, शाळा-कॉलेज धरून आठ वर्षं कबड्डी खेळले, उजवा कव्हर. नंतर महापेला एका ऑफिसात कॅनडाच्या क्लायंटसाठी नाइट शिफ्ट केली तेव्हा हा खेळ ओळखीचा झाला. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा टोरांटोत संध्याकाळचे सात वाजलेले असतात, मॅच सुरू व्हायची वेळ, आणि तिकडचा माणूस कॉल आटपायच्या घाईत असायचा. असं काय आहे त्यात म्हणून मी बघायला बसले, तेव्हापासून बघतेच आहे. आता तुमची पत्रं आणि माझी उत्तरं.

माझा नातू कॅनडात कॅल्गरीला असतो, नुकताच तेरा वर्षांचा झाला. आइस हॉकी खेळतो, डिफेन्सला. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, मी विचारतो काय रे किती गोल केलेस, आणि तो गप्प होतो. परवा सूनबाई म्हणाल्या, बाबा हे विचारू नका, त्याला वाईट वाटतं. त्याच्या कोचने त्याला कुणा रॉबिन रेगीरचे जुने व्हिडिओ बघायला सांगितलेत. मीही दोन बघितले, धक्काबुक्कीशिवाय काही कळलं नाही. हा माणूस कोण, आणि नातवाशी मी बोलू काय?
– एक आजोबा, नौपाडा, ठाणे

आजोबा, तुमचं पत्र वाचून मला माझे बाबा आठवले, ते पण मॅचनंतर विचारायचे किती पॉइंट काढलेस, आणि कव्हरने काय पॉइंट काढायचे, रेडरने परत जाऊ नये एवढंच तर आमचं काम.

आधी आकडा सांगते म्हणजे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होईल. रेगीर एनएचएलमध्ये १,०८९ मॅच खेळला. एनएचएल म्हणजे तिकडची सगळ्यात वरची लीग, त्याच्या वेळी सीझनला ८२ मॅच. एवढ्या मॅचमध्ये त्याचे गोल किती, तर ३६. वर्षाला तीनसुद्धा पडत नाहीत. आणि तरी पंधरा सीझन तो टीममध्ये होता, कॅनडाच्या नॅशनल टीमकडून २००४ चा वर्ल्ड कप जिंकला, २००६ च्या तुरिन ऑलिंपिकला गेला. गोल न करणाऱ्या माणसाला उगीच कोण नेतं इतकी वर्षं.

तो करायचा काय, तर बर्फावर गोलकीपर सोडून पाच जण असतात, त्यातले दोन डिफेन्समन, जोडीने खेळतात. समोरच्या टीमचे सगळ्यात भारी तीन फॉरवर्ड उतरले की आपला कोच रेगीरसारख्याला उतरवतो. एक शिफ्ट साधारण ४५ सेकंदांची, जीव तोडून स्केटिंग करायचं, मग बाहेर, दम घ्यायचा, परत आत. त्या ४५ सेकंदांत समोरच्याला मधल्या भागात घुसू द्यायचं नाही, त्याला बाहेर बोर्डकडे, म्हणजे रिंकभोवतीच्या कुंपणाकडे ढकलत न्यायचं, कोपऱ्यात दाबून धरायचं, गोलसमोर कुणी तळ ठोकून उभा राहिला तर त्याला तिथून हलवायचं म्हणजे आपल्या गोलकीपरला नीट दिसेल, आणि शॉट आलाच तर आडवं पडायचं. पक म्हणजे हॉकीतली बॉलच्या जागची चकती, तो कडक रबराचा असतो, एक इंच जाड, १६० ग्रॅमच्या आसपास, आणि मॅचआधी तो फ्रीज करतात म्हणजे उसळत नाही. झडेनो चारा नावाच्या डिफेन्समनने २०१२ च्या जोरात शॉट मारायच्या स्पर्धेत ताशी १७५ किलोमीटरने मारला होता तो. अशा वस्तूच्या समोर स्वतःहून पडणं, सीझनभर, हा नोकरीचाच भाग.

आता एक बारीक गोष्ट सांगते ती पुढच्या वेळी व्हिडिओत शोधा. समोरून पक घेऊन कुणी सुसाट येतोय आणि रेगीर उलटा, म्हणजे मागे मागे स्केटिंग करत चाललाय. काठी एका हातात, पुढे केलेली, दोघांमधलं अंतर काठीएवढंच. येणारा पक डावीकडे दाखवतो, उजवीकडे दाखवतो, डोकं हलवतो, आणि रेगीर त्यातलं काहीच बघत नाही, तो बघतो छाती. कारण हात, डोळे, काठी सगळं फसवतं, धड फसवत नाही, धड जिकडे वळलं तिकडेच माणूस जाणार. आमचे सर आम्हाला हेच सांगायचे, रेडरचा हात बघू नकोस पोरी कंबर बघ. पहिल्यांदा हे हॉकीत बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते, कळव्याच्या मातीतलं वाक्य कॅनडाच्या बर्फावर सापडलं म्हणून.

आणि ह्या माणसाचं आयुष्यही सांगण्यासारखं आहे. जन्म १९८० चा, ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला, आपल्यासारखंच समुद्राकाठचं, उकाड्याचं, नारळाच्या झाडांचं गाव, बर्फाचं नाव नाही. आईवडील मेनोनाइट ह्या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी, काही काळ इंडोनेशियात होते, धाकट्या भावाचा जन्म तिकडचा बांडुंगचा. मग कुटुंब कॅनडात सस्कॅचवानमधल्या रोस्टर्न नावाच्या लहानशा गावी स्थिरावलं आणि तिथे हा पोरगा स्केटिंग शिकला. १९९८ मध्ये कोलोराडोच्या टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यात, एकोणिसाव्या नंबरला घेतला, पण त्यांच्याकडून एक मॅच खेळायच्या आत कॅल्गरीला देऊन टाकला, थिओ फ्लुरी नावाच्या कॅल्गरीकरांच्या अत्यंत लाडक्या खेळाडूच्या बदल्यात जे लोक आले त्यातला एक म्हणून. म्हणजे गाव आधीच हळहळतंय आणि त्यात हा अठरा वर्षांचा मुलगा.

४ जुलै १९९९ ला त्याच्या गाडीचा अपघात झाला, समोरून आलेली गाडी आदळली, समोरच्या गाडीतले दोघं गेले. ह्याच्या दोन्ही पायांची नडगीची हाडं मोडली. दोन्ही, आजोबा. आणि त्याच वर्षी ऑक्टोबर अखेरीस, चार महिने व्हायच्या आत, तो एनएचएलमधली पहिली मॅच खेळला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. एक मास्टरटन ट्रॉफी असते, चिकाटी आणि खेळावरच्या निष्ठेसाठी देतात, त्यासाठी कॅल्गरीने त्याचं नाव पुढे केलं. त्या वर्षी ती मिळाली केन डॅनेकोला, तोही असाच गोल न करणारा, अंगाने खेळणारा डिफेन्समन, दारूच्या व्यसनातून बाहेर येऊन परत उभा राहिलेला, सगळी कारकीर्द एकट्या न्यू जर्सीकडे, १,२८३ मॅच. आणि त्याचे गोल सांगू किती? ३६. बरोब्बर तेवढेच.

२००४ ला रेगीरची कॅल्गरी एनएचएलच्या फायनलला गेली, जिंकणाऱ्याला स्टॅनली कप मिळतो, टॅम्पा बेच्या टीमशी सात मॅच झाल्या आणि सातवी हरले. मग वर्षं गेली, कप काही आला नाही. २०११ ला त्याला बफेलोला पाठवलं, २०१३ ला लॉस एंजेलिसला. २०१४ ला लॉस एंजेलिस जोरात होती, आणि प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, दुसऱ्या राउंडच्या सुरुवातीलाच हा जखमी झाला आणि बाहेर बसला. पुढचं सगळं टीमने त्याच्याशिवाय खेळलं आणि कप जिंकला. स्टॅनली कपची रीत अशी की आधी कॅप्टन उचलतो, आणि मग तो ज्याच्या हातात पहिल्यांदा देईल तो सगळ्यात मोठा मान. कॅप्टन डस्टिन ब्राउनने तो रेगीरला दिला. फायनलमध्ये एक सेकंदही न खेळलेल्या माणसाला. आत खेळणाऱ्यांना माहीत असतं कोण काय अडवतं ते, बाहेरच्या पाटीवर ते लिहिलेलं नसलं तरी.

तर नातवाला आता गोल विचारू नका. विचारा की आज किती शॉट अंगावर घेतलेस, तुझा पार्टनर कोण आहे आणि तो उजवीकडून खेळतो का डावीकडून, तुमचा एक माणूस पेनल्टीवर बाहेर असतो तेव्हा कोच तुला उतरवतो का. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. माणूस कमी असताना ज्याला उतरवतात त्याच्यावर कोचचा सगळ्यात जास्त भरवसा असतो. बघा मग पोरगा किती बोलतो ते. आणि सूनबाईंना काळजी असेल म्हणून सांगते, २०१३ पासून कॅनडात ११-१२ वर्षांच्या वयोगटात बॉडीचेकिंगला, म्हणजे अंगाने धडक द्यायला, बंदी आहे, ते तेरा-चौदाच्या गटापासून सुरू होतं आणि तेही सगळ्या लेव्हलला नाही, त्यामुळे त्याच्या टीममध्ये ह्या वर्षीपासून आहे का नाही हे कोचलाच विचारा, आणि असेल तर हिट कसा द्यायचा ह्याच्याआधी हिट कसा घ्यायचा ते शिकवतात का हे पण विचारा.

मी कव्हर खेळतो, डॅश माझं हत्यार. हॉकीतला हिट आणि डॅश एकच का? मग पेनल्टी कधी देतात? स्कॉट स्टीव्हन्सची एक क्लिप बघितली, समोरचा जागेवर आडवा झाला आणि पेनल्टी नाही, हे कसं काय?
– एक कबड्डीपटू, घणसोली

दादा, मुळात एकच. तू रेडरला लॉबीबाहेर घालवायला खांदा-छाती लावतोस, तो पकपासून माणूस वेगळा करायला लावतो. पण आपल्याकडे मैदान १३ मीटर लांब, तिकडे रिंक २०० फूट, आणि पायाखाली ब्लेड, त्यामुळे वेग असा की आपल्या डॅशच्या कितीतरी पट जोर बसतो. आणि सगळ्या बाजूने कुंपण आहे, माती नाही.

नियम साधारण असे की ज्याच्याकडे पक आहे किंवा नुकता होता त्यालाच मारायचं. पाठीमागून बोर्डवर ढकललं तर पेनल्टी, कोपर वर आलं तर पेनल्टी, लांबून पळत येऊन उडी घेऊन आदळलास तर पेनल्टी, पक नसलेल्याला अडवलंस तर पेनल्टी. साधी पेनल्टी दोन मिनिटांची, तेवढा वेळ टीम चौघांत खेळते, म्हणून नुसता रागाने मारणारा डिफेन्समन टीमला महागात पडतो, वेळ चुकली की उलट गोल खातो.

स्टीव्हन्सला ती वेळ साधलेली होती. कॅनडातल्या किचनर गावचा, १९८२ ला वॉशिंग्टनने पाचव्या नंबरला घेतला, अठराव्या वर्षी थेट एनएचएल. सुरुवातीला तो चांगले गोलही करायचा, १९८४-८५ ला २१ केले. मग सेंट लुइस, आणि १९९१ ला तो न्यू जर्सीला गेला कसा, तर सेंट लुइसने न्यू जर्सीचा ब्रेंडन शॅनहन उचलला आणि भरपाई काय द्यायची हे लवादाकडे गेलं, आणि लवाद म्हणाला स्टीव्हन्स द्या. माणसाची इच्छा काय हे कुणी विचारलं नाही, सुरुवातीला तो जायला खूषही नव्हता. आणि त्याच टीमचा पुढे तो कॅप्टन झाला, १९९५, २०००, २००३ असे तीन कप, २००० ला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू, एकूण १,६३५ मॅच, २००७ ला हॉल ऑफ फेम. न्यू जर्सीची मधला भाग बांधून टाकायची पद्धत होती, समोरच्याला मोकळी जागा एकच दिसायची आणि त्या जागेच्या टोकाला स्टीव्हन्स उभा. आपण कॉर्नर जरा सैल सोडून रेडरला आत बोलावतो ना बोनससाठी, आणि तो पाय टाकतो की कव्हर येतो, तसंच अगदी.

तू बघितलेली क्लिप बहुतेक मे २००० ची, फिलाडेल्फियाविरुद्धची सातवी मॅच. फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रॉस पक घेऊन ब्लू लाइन, म्हणजे समोरच्या टीमच्या भागाची रेघ, ओलांडत मध्ये वळला, मान खाली, नजर पकवर, आणि स्टीव्हन्सचा खांदा थेट जबड्यावर. लिंड्रॉसला आधीच डोक्याच्या इजा झालेल्या होत्या, तो पुढचा अख्खा सीझन खेळला नाही. तेव्हाच्या नियमात तो हिट बसत होता, कोपर खाली, पाय जमिनीवर, पक त्याच्याकडे, म्हणून पेनल्टी नाही. २०१० ला एनएचएलने बाजूने, न दिसणाऱ्या दिशेने डोक्यावर मारण्याविरुद्ध नियम आणला आणि २०११ ला तो आणखी रुंद केला, की टाळता येण्यासारखं असताना डोकंच मुख्य निशाण झालं तर दोषी. मी ती क्लिप दोनदा बघितली, तिसऱ्यांदा बघवत नाही. स्टीव्हन्सचा खेळ मला मनापासून आवडतो, त्याची जागा धरायची अक्कल कुणाकडे नव्हती, पण नियम बदलला हे चांगलं झालं आणि तो दहा वर्षं आधी यायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

आणि त्याचं स्वतःचं काय झालं ते क्लिप टाकणारे सांगत नाहीत. २००३ च्या प्लेऑफमध्ये टॅम्पाच्या पावेल कुबिनाचा एक शॉट त्याच्या कानाजवळ लागला. तो खेळत राहिला, कपसुद्धा उचलला, आणि पुढच्या सीझनमध्ये जानेवारी २००४ ला डोक्याच्या इजेच्या त्रासाने थांबला तो थांबलाच. परत कधी खेळला नाही.

तुझ्या डॅशबद्दल एकच सांगते, खांदा छातीच्या खालीच लाव.

माझा अकरा वर्षांचा मुलगा सोसायटीजवळच्या क्लासला रोलर हॉकी खेळतो. मागच्या आठवड्यात पडला, हेल्मेट होतं तरी डोकं आपटलं, म्हणाला गरगरतंय. शिकवणारे म्हणाले पाणी पी, पाच मिनिटं बस आणि उतर. तो उतरला, खेळला. रात्री डोकं दुखत होतं, सकाळी बरा होता. मी जास्त काळजी करतेय का?
– एक आई, नेरूळ

नाही ताई, तुम्ही अजिबात जास्त काळजी करत नाही आहात. ह्या एका प्रश्नासाठी हे सदर लिहिलं असं समजा.

माझं सांगते. कॉलेजात असताना एका स्पर्धेत, अंधेरीकडच्या टीमविरुद्ध, डॅश मारायला गेले आणि माझ्याच कॉर्नरच्या मुलीच्या गुडघ्यावर माझं डोकं आपटलं. मी उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खेळले पूर्ण, आम्ही जिंकलो असं म्हणतात, म्हणतात अशासाठी की दुसऱ्या हाफमधलं मला आजही काही आठवत नाही. ट्रेनमध्ये मी मैत्रिणीला स्कोअर विचारला, तिने सांगितला, ठाणं यायच्या आत मी परत विचारला, मग परत. ती हसत होती, तिला वाटलं मस्करी करतेय. घरी आईने खांद्याला आंबेहळद उगाळून लावली कारण दुखतंय म्हणून मी खांदाच दाखवला होता. डोक्याचं मी कुणाला बोललेच नाही. तीन आठवडे ट्यूबलाइटखाली बसवायचं नाही, पुस्तकातली ओळ हलायची. त्या वेळी संयोजकांकडे, पंचांकडे, आमच्या सरांकडे, कुणाकडेच हे बघायची काही पद्धत नव्हती, उठली ना, मग बरी आहे.

हेल्मेट कवटी वाचवतं, आत मेंदू हलतो तो हलतोच. बेशुद्ध पडलं नाही म्हणजे काही झालं नाही असंही नाही, बऱ्याचशा अशा इजांमध्ये मूल बेशुद्ध पडतच नाही. आता सगळीकडे मानलेला नियम सोपा आहे: शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद, पाच मिनिटांनी उतरायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं, आणि त्रास पूर्ण गेल्यावर आधी शाळा नीट जमायला लागू दे, मग हलका व्यायाम, मग एकट्याने सराव, मग टीमबरोबर, असं पायरी पायरीने परत. कारण पहिली इजा भरायच्या आत दुसरी बसली तर ती फार वाईट बसते, लहान मुलांत तर अजूनच. उलट्या व्हायला लागल्या, डोकेदुखी वाढत चालली, झोपेतून नीट जागा होत नाहीये, बोलणं अडखळतंय, हातापायात जोर नाही, फिट आली, ह्यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. तुमचा मुलगा आता बरा वाटत असला तरी खेळायला पाठवायच्या आधी एकदा डॉक्टरांकडे नेऊन आणा आणि पडल्यानंतर तो परत खेळला हे त्यांना आठवणीने सांगा.

वर रेगीरच्या २००४ च्या फायनलचं लिहिलं ना, त्याच टीममध्ये स्टीव्ह मॉन्टाडोर नावाचा एक डिफेन्समन होता. फायनलच्या आधीच्या राउंडमध्ये पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये त्याने गोल मारून जिंकून दिली होती, त्या वसंतात कॅल्गरीत त्याचं नाव प्रत्येकाच्या तोंडी होतं. त्याला डोक्याच्या इजा होत गेल्या, होत गेल्या, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये तो गेला, वय ३५. नंतर मेंदू तपासला तेव्हा त्यात सीटीई सापडला, वारंवार डोक्याला मार बसलेल्यांत दिसणारा मेंदूचा आजार. रेगीर निवृत्त झाला तोही त्याच वर्षी, दोन महिन्यांनी. एकाच ड्रेसिंग रूममधली दोन माणसं. मोडलेल्या पायांनी परत उभं राहणं ह्याचं मला अपार कौतुक आहे, १९६४ च्या फायनलमध्ये टोरांटोच्या बॉबी बॉनला स्ट्रेचरवरून नेलं होतं आणि त्याने परत येऊन मोडक्या पायावर ओव्हरटाइमचा गोल मारला, ही गोष्ट मी माझ्या भाचरांना दहा वेळा सांगितलीय. पण पाय वेगळा आणि डोकं वेगळं, हे मी हल्ली प्रत्येक वेळी त्या गोष्टीला जोडूनच सांगते.

क्लासच्या सरांशी भांडू नका, पण हे लिहून द्या त्यांना, चांगले असतील तर भिंतीवर लावतील. आणि नाही लावलं तर क्लास बदला.

अशा खेळाडूला गोल न करता पगार किती मिळतो?
– कॉलेज विद्यार्थी, वर्तकनगर, ठाणे

२०२५-२६ च्या सीझनला एनएचएलमधला कमीत कमी पगार ७,७५,००० डॉलर ठरलेला होता, आणि चांगला डिफेन्समन त्याच्या कितीतरी पट घेतो. पण तो आकडा बघताना बाकीचेही बघ, सोळाव्या वर्षी घर सोडून दुसऱ्याच्या घरी राहून ज्युनियर खेळणारे, तासन् तास बसने फिरणारे, त्यातले फार थोडे वर जातात. रेगीर पण असाच कॅमलूप्सला होता. अंगाने खेळणाऱ्याचा खांदा-गुडघा तिशीनंतर रोज सकाळी आठवण देतो, हे मी स्वतःच्या खांद्यावरून सांगू शकते, आणि मी तर आठच वर्षं खेळले.

मी १६ वर्षांची, इनलाइन स्केटिंग करते, डिफेन्स आवडतो. इथे राहून आइस हॉकी खेळता येईल का? आणि मुलींना हिट मारता येतो का?
– ऐरोली

येईल, पण सोपं नाही, खरं तेच सांगते. आपल्याकडे हा खेळ जिवंत आहे तो लडाखमध्ये आणि हिमाचलच्या स्पितीत, तिथल्या गोठलेल्या तळ्यांवर, आता लेहला आणि डेहराडूनला कृत्रिम बर्फाचे रिंक पण आहेत. भारताच्या मुलींच्या टीममध्ये बहुतेक सगळ्या तिकडच्याच, २०१७ ला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिली आंतरराष्ट्रीय मॅच जिंकली आणि २०२५ ला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं. कित्येक वर्षं त्यांना वर्षातले दोनच महिने बर्फ मिळायचा, तेवढ्यात शिकल्या त्या.

इनलाइनमधून बर्फावर जाता येतं, स्केटिंगचा तोल, काठी, पास हे सगळं उपयोगी पडतं, थांबायची पद्धत मात्र पूर्ण वेगळी, ब्लेड आडवी करून बर्फ खरवडत थांबायचं असतं, ते परत शिकावं लागेल. इनलाइनमध्ये अंगावर जायला परवानगी नसते आणि मुलींच्या आइस हॉकीतही पुरुषांइतकी मोकळीक नसते, २०२४ पासून उत्तर अमेरिकेत जी मुलींची प्रोफेशनल लीग सुरू झालीय तिथे अंगाने खेळायला बरीच जास्त मुभा आहे. तुझ्या वयाला हे फायद्याचंच आहे बघ. हिट नसला की डिफेन्स पायाने आणि काठीने शिकावा लागतो, आणि तोच खरा पाया. रोज मागे मागे स्केटिंग कर, पुढे जितक्या वेगात जातेस तितक्याच वेगात मागे जाता आलं पाहिजे, दोन्ही बाजूंना वळता आलं पाहिजे. सगळ्या मुली पुढे जायचं स्केटिंग करतात, मागचं कंटाळवाणं वाटतं म्हणून सोडतात.

मला कबड्डी कळते, हॉकी कळत नाही. पक दिसतच नाही टीव्हीवर. काय बघू?
– कोपरी, ठाणे

पक बघूच नका. एखादी मॅच लावा, कुठलीही, आणि एक डिफेन्समन निवडा, त्याचा नंबर लिहून ठेवा, तो उतरला की फक्त त्याच्याकडे बघा. पक दुसरीकडे गेला तरी त्याच्याकडेच बघत राहा. तो मान सारखी वळवून मागे कोण आहे ते बघत असतो, कोपऱ्यात पक घ्यायला जाताना तर दोनदा-तीनदा बघतो, कारण मागून येणारा आदळणार हे त्याला माहीत असतं. पार्टनर पुढे गेला की तो आपोआप मधोमध सरकतो. काठी सतत बर्फाला टेकवलेली असते, पासचा रस्ता बंद करायला. ४५ सेकंदांनी तो बाहेर येईल, बाकावर बसेल, पाणी तोंडात घेऊन थुंकेल आणि लगेच बर्फाकडे बघायला लागेल. अशा पाच-सहा शिफ्ट बघा, मग पक आपोआप दिसायला लागतो, मला तरी तसाच दिसायला लागला. हिवाळ्यात पहाटे साडेपाचचा गजर लावा, उन्हाळ्यात तिकडची घड्याळं पुढे सरकतात म्हणून साडेचारचा.